गिरगावातली एक सर्क्युलेटिंग लायब्ररी आणि घसरलेल्या दर्जाची जुनी तक्रार

मराठी पुस्तके वर्गणीवर घरी नेऊ देणाऱ्या खासगी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या मुंबईत आता फार थोड्या उरल्या आहेत. त्यांपैकी एक गिरगावात, मेट्रो तीनच्या गिरगाव स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांवर, एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर आहे, आणि गेले काही महिने मी तिची सभासद आहे. चाळीच्या पुनर्विकासाचे घोंगडे भाडेकरू आणि विकासक यांच्यात भिजत पडलेले असल्यामुळे नाव छापू नये, अशी मालकांची विनंती आहे. ठाकूरद्वार ते प्रार्थना समाज या पट्ट्यात राहणाऱ्यांना ती लायब्ररी कोणती हे सांगावे लागणार नाही, आणि इतरांना नाक्यावरच्या पेपरवाल्याकडे चौकशी केली तरी पत्ता मिळेल.

प्रथम व्यवहाराचे सांगते. अनामत रक्कम पाचशे रुपये, एका वेळी एक पुस्तक नेणाऱ्याला महिना दीडशे आणि दोन नेणाऱ्याला दोनशे रुपये वर्गणी, पंधरा दिवसांनंतर दिवसाला दोन रुपये दंड. हा दंड मालक लिहून ठेवतात, पण ओळखीच्या सभासदांकडून सहसा घेत नाहीत. सकाळी नऊ ते साडेबारा आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ लायब्ररी उघडी असते, सोमवारी बंद. जागा एका दुकानाच्या गाळ्याएवढी असून तिन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी मांडण्या आहेत, मधोमध पाठीला पाठ लावून उभे केलेले पुस्तकांचे दोन घोडे, म्हणजे सुट्या मांडण्या, आहेत, आणि वरच्या खणांसाठी एक शिडी आहे, जिच्यावर सभासदांना चढू दिले जात नाही. संगणक नाही. लेखकाच्या आडनावाप्रमाणे लिहिलेली रजिस्टरे आहेत आणि मालकांची स्मरणशक्ती आहे. दोहोंत मतभेद झाल्यास स्मरणशक्तीवर विश्वास ठेवावा, असा माझा अनुभव आहे.

या लायब्ररीबद्दल विस्ताराने लिहावेसे वाटले, त्याचे कारण मात्र तिथे काउंटरपाशी दररोज ऐकू येणारी एक तक्रार आहे. सत्तरीच्या पुढचे सभासद आत येतात, नव्या पुस्तकांच्या खणाकडे पाहतही नाहीत आणि म्हणतात, “काका, धारप असतील तर द्या, नाहीतर जुनंच काहीतरी काढा. नवीन नको. आता कुणी तसं लिहीत नाही.” धारप म्हणजे भयकथा लिहिणारे नारायण धारप. काकांचीही, म्हणजे मालकांचीही, मान डोलते, कारण गिऱ्हाइकाशी वाद घालून लायब्ररी चालत नाही. रंजनासाठी लिहिल्या जाणाऱ्या कथा-कादंबऱ्यांचा दर्जा घसरला आहे, हे विधान आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेले आणि कदाचित केलेलेही आहे. ते तपासून पाहायचे असेल तर या लायब्ररीसारखी जागा मुंबईत दुसरी सापडणे कठीण, कारण इथे जवळजवळ काहीच रद्दीत गेलेले नाही.

पुस्तकांच्या दुकानात गेल्यावर जो जुना काळ आपल्याला भेटतो तो निवडून ठेवलेला असतो. १९६० च्या दशकातले म्हणून दुकानात आज काय मिळते? रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ ची, शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची, आणि त्यांच्या थोडी आधीची, १९५९ ची खांडेकरांची ‘ययाति’. तिन्ही कादंबऱ्या त्या काळात प्रचंड लोकप्रिय झाल्या आणि आजही विकल्या जातात, तेव्हा त्या दशकातला सामान्य वाचक हेच वाचत होता असा समज होणे साहजिक आहे. गिरगावातल्या या लायब्ररीत मात्र त्या तीन पुस्तकांच्या आजूबाजूला त्याच वर्षांची शेकडो पुस्तके उभी आहेत, ज्यांची नावे आज कोणीही घेत नाही आणि ज्यांच्या लेखकांचा उल्लेख वाङ्मयाच्या कोणत्याही इतिहासात नाही. सामान्य वाचक हीसुद्धा वाचत होता, नव्हे, बहुधा हीच जास्त वाचत होता. आजच्या सगळ्या गर्दीची तुलना आपण कालच्या निवडक चारांशी करतो आणि आज हरला असा निकाल देतो.

म्हणून मी मुद्दाम त्या अनामिक पुस्तकांपासून सुरुवात केली. काकांना सांगितले की, नावाजलेले काही नको, सत्तरच्या आसपासची, त्या वेळी भरपूर खपलेली आणि आता कोणी मागत नाही अशी पुस्तके द्या. त्यांनी शिडीवर चढून धूळ झटकत एक गठ्ठा खाली दिला. त्यातल्या एका कौटुंबिक कादंबरीविषयी थोडे तपशिलाने सांगते. लेखकाचे नाव घेत नाही, कारण ती काही अपवादात्मक वाईट कादंबरी नाही, तिच्या काळाची अगदी सरासरी कादंबरी आहे. नायिकेचे वडील तिसऱ्या प्रकरणात हृदयविकाराने वारतात आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात तिच्या लग्नात पाहुण्यांचे स्वागत करायला मंडपाच्या दारात उभे असतात. लेखक विसरला, आणि प्रकाशकाकडे कोणी वाचून पाहिले नाही. नायक ‘उमदा’ आहे आणि ‘राजबिंडा’ आहे, हे दर चार पानांनी सांगितले जाते. तो काय काम करतो हे शेवटपर्यंत कळत नाही. खलनायिका स्कर्ट घालते, सिगारेट ओढते आणि तिचे नाव लिली आहे, एवढ्यावरून वाचकाने तिच्याविषयी सर्व समजून घ्यावे अशी अपेक्षा आहे.

या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून तारखांची चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि कादंबरीपेक्षा ती अधिक वाचनीय आहे. पहिल्या चिठ्ठीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशा चिकटवत नेलेल्या चिठ्ठ्यांवर जांभळ्या शाईचे शिक्के इतके दाटीवाटीने मारलेले आहेत की, पुस्तक आठवडाभरही मांडणीवर टिकत नसावे. ऐंशीच्या दशकात शिक्के विरळ होतात, नव्वदच्या दशकात क्वचित एखादा, आणि पुढे कोरा कागद. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला कोणीतरी पेन्सिलीने ‘रडवते’ असे लिहिले आहे आणि त्याखाली निराळ्या अक्षरात ‘मुळीच नाही’. अशी पुस्तके वाचली जात होती, आवडीने वाचली जात होती आणि ती सुमार होती, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

दर्जा घसरल्याची तक्रारही नवी नाही. मराठीत स्वतंत्र कादंबरी रांगू लागली होती न लागली होती, तोच १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल (म्हणजे कादंबरी) आणि नाटक यांविषयी निबंध लिहून त्या वेळच्या अद्भुतरम्य कथानकांना धारेवर धरले. १९०२ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या निबंधात मराठी कादंबरीचा हिशेब मांडला, तेव्हा तेही समाधानी नव्हते. पुढे ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्या तरुणांनी डोक्यावर घेतल्या, तर त्या गुळगुळीत आणि जीवनापासून दूर असल्याची टीका त्यांच्या हयातीतच होत राहिली. आज जुन्या मराठी गद्याची सफाई पाहा म्हणून त्याच फडक्यांचे दाखले दिले जातात. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे ज्या दशकाला आपण आता सुवर्णकाळ समजतो, त्याच दशकात लोकप्रिय लेखनाची बदनामी न्यायालयाच्या पायरीपर्यंत गेली होती.

इथपर्यंत वाचून मी ‘काहीही घसरलेले नाही’ या पक्षाची आहे असे कोणाला वाटेल. तसे नाही. काहीतरी निश्चित गेले आहे, आणि ते काय, हे या लायब्ररीच्या उजव्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर दिसते. ही भिंत रहस्य, गूढ आणि साहस यांची आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या बारक्या पुस्तिका एकत्र शिवून केलेले जाड बाइंड इथे आहेत. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा माणूस मुंबईत चष्म्यांचे दुकान चालवत असे. झुंजार आणि काळापहाड ही त्याच्या नायकांची नावे गिरगावातल्या जुन्या मंडळींना अजून तोंडपाठ आहेत. त्यांच्या शेजारी गुरुनाथ नाईक, मग सुहास शिरवळकरांचे नायक दारा बुलंद, फिरोज इराणी आणि मंदार पटवर्धन, आणि कोपऱ्यात, सर्वात झिजलेल्या पुठ्ठ्यांचा, नारायण धारपांचा खण.

धारपांपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण काउंटरवरची तक्रार बहुतेक वेळा त्यांच्याच नावाने केली जाते. त्यांची ‘लुचाई’ ही स्टीफन किंगच्या एका कादंबरीवर बेतलेली आहे, हे आज सर्वांना ठाऊक आहे. अर्नाळकरांनीही इंग्रजी रहस्यकथांचा आधार घेतला होता. त्या काळी अशी उचल सर्रास चालत असे आणि मूळ लेखकाला श्रेय आणि मानधन देण्याची पद्धत नव्हती. त्या बाबतीत आजचा व्यवहार नि:संशय अधिक प्रामाणिक आहे. पण धारप उचलून आणलेले कथानक जसेच्या तसे ठेवत नाहीत. अमेरिकेतल्या लहान गावातले भय ते महाराष्ट्रातल्या गावात आणतात तेव्हा गाव खरोखर इथले होते, माणसे एकमेकांशी जशी इथे बोलतात तशी बोलतात, आणि संकटाशी लढण्याची साधनेही इथल्या श्रद्धेतून येतात. वाक्ये साधी, जवळजवळ कोरडी असतात. भीती दाखवण्याआधी ते घराचा नकाशा नीट सांगतात, कोणती खोली कुठे, जिना कुठे उतरतो, दिवा कुठून लावायचा. आणि मग तो दिवा लागत नाही. हे कसब आहे आणि ते वाचताना अजूनही जाणवते.

आता समोरच्या, म्हणजे नव्या पुस्तकांच्या खणाकडे वळले तर थरारकथांच्या जागी जवळजवळ सगळे अनुवाद दिसतात. छपाई सुबक, कागद पांढरा, हक्क रीतसर घेतलेले. त्यांतले काही अनुवाद उत्तम आहेत. पण बऱ्याच अनुवादांत मराठी शब्दांच्या खाली इंग्रजी वाक्य तसेच पडलेले असते, आणि पात्रे मराठीत बोलत असली तरी राहतात मात्र बॉस्टनमध्ये. पन्नास वर्षांपूर्वीच्या वाचकाला तीच गोष्ट चोरून का होईना, पण त्याच्या वाड्यात आणि चाळीत घडलेली मिळत होती. आजच्या वाचकाला ती कायदेशीर मिळते आणि परकी राहते. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवून निव्वळ वाचनाच्या अंगाने विचार केला, तर हे मला नुकसान वाटते.

दुसरे नुकसान माणसांचे. व. पु. काळे २००१ मध्ये गेले, शिरवळकर २००३ मध्ये, धारप २००८ मध्ये आणि बाबा कदम २००९ मध्ये. या लायब्ररीच्या निम्म्या तारखांच्या चिठ्ठ्या ज्या नावांनी भरल्या, त्यांतली चार नावे एका दशकात संपली आणि त्यांची जागा घेणारे तितके सातत्याने लिहिणारे कोणी उभे राहिले नाही. गुणवान माणसे जन्माला येणे थांबले, असे मी मानत नाही. अशा लेखकाला पोसणारी व्यवस्था मोडली. पूर्वी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती निघत असे आणि तिचा मोठा वाटा अशा लायब्रऱ्या उचलत. मासिकांत क्रमशः छापून येई, दिवाळी अंकांचे संपादक उन्हाळ्यापासूनच कथा मागू लागत, आणि वाचक पुढचे पुस्तक मागायला काउंटरवर येई. लेखकाला दर दोन महिन्यांनी काहीतरी पुरे करावे लागे. त्यातून पुष्कळ कचरा निर्माण झाला, हे वर सांगितलेच, पण हातही त्यातूनच तयार झाला. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि रोज रात्री ठरावीक वेळेला कौटुंबिक कथानक घरबसल्या, लायब्ररीच्या वर्गणीशिवाय मिळू लागले. काकांच्या म्हणण्याप्रमाणे, कौटुंबिक कादंबऱ्या नेणाऱ्या बायकांनी त्यानंतर दोन-तीन वर्षांत येणे कमी केले. शैलजा राजे आणि योगिनी जोगळेकर यांची पुस्तके तेव्हापासून डाव्या भिंतीवर मुक्कामाला आहेत.

अर्नाळकरांची परंपरा चालवू शकणारा माणूस आज बहुधा मालिकेचे भाग लिहीत असतो, किंवा प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन लेखनाच्या ठिकाणी रोजचा हप्ता टाकत असतो, किंवा ऐकण्यासाठी म्हणून कथा रचत असतो. स्टोरीटेल ही श्राव्य पुस्तकांची सेवा २०१७ मध्ये भारतात आल्यापासून मराठीत तेही एक काम झाले आहे. या लेखनातही सरासरी आणि सुमार यांचे प्रमाण पूर्वीइतकेच असावे असा माझा कयास आहे. फरक एवढाच की, त्यातले काहीही या लायब्ररीच्या मांडणीवर येत नाही, त्यामुळे इथल्या सभासदांच्या दृष्टीने ते लिहिलेच जात नाही. मांडणीवर नवे म्हणून येते ते एक तर पुरस्कारप्राप्त गंभीर साहित्य, नाही तर अनुवाद, नाही तर व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके. उत्तम शिल्लक आहे, सुमार फोनमध्ये गेले, आणि मधले, नीट रचलेले, दोन रात्रींत संपणारे, फारसे महत्त्वाकांक्षी नसलेले पण वाचकाला न फसवणारे पुस्तक नाहीसे झाले. ‘आता कुणी तसं लिहीत नाही’ या वाक्यात जेवढे सत्य आहे ते एवढे आहे.

काही गोष्टी सुधारल्याही आहेत, आणि जुने तेच सोने म्हणणाऱ्यांनी त्या मान्य केल्या पाहिजेत. नव्या पिढीचे भयकथाकार, उदाहरणार्थ हृषीकेश गुप्ते, भाषेवर जी मेहनत घेतात ती जुन्या बाइंडांत क्वचित आढळते. लिलीचा स्कर्ट आता पुरावा मानला जात नाही. गुप्तहेर योगायोगाने त्याच हॉटेलात जेवायला बसला आणि पलीकडच्या टेबलावरचे संभाषण ऐकून त्याने प्रकरण सोडवले, अशी सुटका आजचा वाचक सहन करत नाही. मुद्रितशोधन मात्र सर्वत्र खालावले आहे. मेलेले वडील परत येण्याचा प्रकार पूर्वीही होत होता, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या इतक्या चुका त्या सुमार कादंबरीतदेखील नव्हत्या.

आता लायब्ररीचे दोष. सर्वात मोठा दोष म्हणजे पुस्तकांची शेवटची पाने. रहस्यकथेचे शेवटचे पान गेलेले असणे हा अपघात मानता येत नाही, आणि माझ्या वाट्याला असे पुस्तक आले तेव्हा “शेवट मला ठाऊक आहे, सांगू का?” असे मला विचारण्यात आले. प्रेमाने विचारण्यात आले, हे खरे. पण पुस्तक देण्याआधी पाने तपासणे अशक्य नाही. पावसाळ्यात खालच्या दोन खणांना ओल येते. डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असल्या तरी कसर लागलेली पुस्तके तशीच फिरत राहतात आणि घरी नेल्यावर आपल्या कपाटातल्या पुस्तकांजवळ ती ठेवू नयेत. नव्या पुस्तकासाठी नाव नोंदवले तर पुस्तक आल्यावर फोन करण्याचे आश्वासन मिळते आणि फोन येत नाही. बाइंडिंग करताना मूळ मुखपृष्ठे फाडून टाकलेली आहेत, ही तर भरून न येणारी हानी, कारण त्या रंगीत चित्रांत त्या काळाची अर्धी गंमत होती. आणि अर्नाळकर-धारपांच्या पलीकडे रहस्याच्या भिंतीवर रत्नाकर मतकरी फार कमी आहेत. ते ‘वर कुठेतरी’ आहेत, असे समजते.

जमेच्या बाजूला मालकांचे वाचन आहे. कोणत्याही संकेतस्थळाची शिफारस त्यांच्यापुढे फिकी पडते, कारण मागच्या पुस्तकात तुम्ही कोणत्या पानाशी कंटाळलात हे ते परत घेताना चेहऱ्यावरून ओळखतात आणि त्यानुसार पुढचे काढून देतात. संशोधनासाठी पुस्तक हवे असेल, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागाला पर्याय नाही; ते काम इथे होणार नाही. पण खपाऊ पुस्तकांचा हा साठा मोठ्या संस्थांनी क्वचितच जपला आहे, आणि चाळ पाडली गेली तर तो वजनावर विकला जाण्याची शक्यता अधिक आहे.

सभासद व्हायचे असेल, तर दोन पुस्तकांची वर्गणी भरावी आणि त्यांतले एक काकांना निवडू द्यावे. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, गुरुवार-शुक्रवार सकाळ बरी. दिवाळी अंकांची योजना वेगळी असून तिची नोंदणी ऑक्टोबरमध्ये होते. रहस्य आणि गूढकथांचे अंक हवे असल्यास पहिल्या आठवड्यातच पैसे भरून यादीत नाव घालून ठेवावे, कारण ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांच्या मोजक्याच प्रती घेतल्या जातात आणि नवीन नको म्हणणारे सगळे सभासद त्या यादीत आधीपासून असतात.